भाऊजींचा जॅक

आडवाटेला गाडी घालणाऱ्याचं शहाणपण त्याच्या जॅकवरून ओळखावं, असं भाऊजींचं ठाम मत होतं. आडवाटेला त्यांनी गाडी अजून घातली नव्हती, पण जॅक मात्र घेतला होता. चांगला कमरेएवढा, गाडीच्या दुप्पट वजन पेलणारा. बायको त्याला 'तुमचं लोखंड' म्हणायची. आजच्या सहलीत ते उपयोगी पडलं नाही तर सरळ भंगारात जाईल, असं तिने निघतानाच बजावलं होतं.

त्यामुळे टेकडीमागच्या चिखलात टायर फुटला, तेव्हा भाऊजींना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"सगळे खाली उतरा. गाडीखाली कोणी हातसुद्धा घालायचा नाही," त्यांनी फर्मावलं. हँडब्रेक ओढला, बाकीच्या चाकांना दगड लावले, जॅक मऊ मातीत रुतू नये म्हणून खाली जाड फळी घातली आणि चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल केले. मग जॅकचा दांडा खालीवर करत गाडी अशी अलगद उचलली, की मेहुण्याने फोटोच काढला.

"मानलं भाऊजी तुम्हाला," तो म्हणाला.

"बरं, राहू दे घरात ते," बायकोही नरमली.

भाऊजींनी फुटलेलं चाक काढून बाजूला ठेवलं, घाम पुसला आणि ऐटीत मेहुण्यापुढे हात केला. "हं, आण आता स्टेपनी."



स्टेपनी घरी जिन्याखाली होती. ती काढल्याशिवाय जॅक गाडीत मावतच नव्हता.