आत्यावर नजर

"तिच्या हातात बाळ देऊ नका," दमयंती उंबऱ्यावरूनच म्हणाली. "कोणी कितीही म्हणो."

बाळाच्या पायाला तेल लावता लावता चंपाबाईनं मान वर केली. रोजची मालिशवाली आजारी पडली, म्हणून आजच्या बारशापुरतं तिला इचोड्याहून बोलावलं होतं. मावला गावातल्या या घरात ती कोणालाच ओळखत नव्हती. सकाळी दार उघडलं ते दमयंतीनं, चहा दिला तोही तिनंच.

"कोणाच्या हातात?"

"आत्याच्या."

"काऊन जी? नाव तर आत्याच ठेवते."

"म्हणून तर सांगून राह्यली." दमयंतीनं आवाज उतरवला. "डोक्याची आहे ती. कानात आवाज यायचे तिच्या. रात-रात बडबडायची. नागपूरला दवाखान्यात ठेवली होती."

"अन् आता?"

"गोळ्या खाते. लोकायला बरी दिसते."

चंपाबाईनं बाळ जवळ ओढलं. "मारलं का तिनं कोणाला कधी?"

"नाही. पण अशा बाईचा काय भरोसा?"

"मंग बाळाच्या मायला सांगा ना."

"रंजीताला नका सांगू. बाळंतीण आहे, घाबरेल. अन् बाळाचा बाप व्यंकटेश बहिणीपुढं कोणाचं ऐकत नाही."

दमयंतीनं खोलीतली कात्री आणि अडकित्ता मागून घेतला. दोन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या कपाटात टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली आणून चंपाबाईच्या पुढ्यात ठेवली.

"तुमच्याजवळच राहू द्या."

"तुमी बाळाची मावशी का?"

"घरातलीच समजा," म्हणत ती घुगऱ्या शिजल्या का ते पाहायला गेली.

दुपारनंतर बाया येऊ लागल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. रंजीता नवी साडी नेसून पाटावर बसली. चंपाबाईनं मात्र बाळ काही खाली ठेवलं नाही. दाराशी चप्पल वाजली की ती मान वर करायची. येणारीचे आधी डोळे बघायचे, मग हात.

एक उंच बाई मोठमोठ्यानं हसत आत आली. कपाळावर भलं मोठं कुंकू, केस विस्कटलेले. ती सरळ चंपाबाईकडेच आली आणि तिनं हात पुढे केले.

"दे इकडं माझ्या वाघिणीला!"

चंपाबाई भिंतीला टेकली. बाळ तिनं पदराखाली ओढलं. "नाही! नाही भेटणार!"

सगळ्या जणी वळून बघू लागल्या.

"अवो, खाऊन टाकतो का मी लेकराला?" ती बाई म्हणाली. "बाजारातून वांगी इकून सीधी इकडंच आली मी. केस विंचराले टाइम भेटला नाही, तर भूत समजली का मले?"

हशा पिकला. "गयाबाई शेजारीण आहे आपली," रंजीता हसत म्हणाली.

चंपाबाई ओशाळली, पण तिची भीती गेली नाही. म्हणजे आत्या अजून यायचीच होती. उंबऱ्यावर दमयंती घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. चंपाबाईनं तिच्याकडं पाहिलं. दमयंतीनं मान हलवली. बरं केलं, अशा अर्थानं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

ताट दारातच ठेवून ती परत स्वयंपाकघरात गेली.

तेवढ्यात व्यंकटेश डोकावला. "चला, मुहूर्त टळून जाईल. नाव ठेवा."

बायांनी हसत हसत मुठी वळल्या. नाव घेतलं की आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे होते. चंपाबाईनं नजर बाहेरच्या दारावर खिळवली. दारात कोणीच नव्हतं. अंगणही रिकामं होतं.

रंजीतानं स्वयंपाकघराकडं वळून हाक मारली, "आत्याबाई, किती काम करून राह्यल्या! या ना आता. तुमच्याशिवाय नाव कोण ठेवणार?"

दमयंती उंबऱ्यावर आली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"चंपाबाई," ती हळूच म्हणाली, "बाळ घट्ट धरा."