एसच्या आधी की नंतर

आजींना या वयात इंग्रजी शिकायची हौस आली होती, म्हणून शिकवणीच्या बाई आज पहिल्यांदाच त्यांच्या घरी आल्या होत्या. 'माझ्या टीचरच्या चपला कपाटात आहेत,' असं वाक्य आजींनी इंग्रजीत झरझर लिहून दाखवलं. अक्षर मोत्यासारखं. फक्त 'टीचर्स'मधला अपॉस्ट्रॉफी, तो वर टांगलेला स्वल्पविराम, तेवढा एसच्या नंतर पडला होता.

बाई हसल्या. "आजी, हा एसच्या आधी हवा. नंतर दिला की एका टीचरच्या नाही, पुष्कळ टीचरांच्या चपला होतात. ऐकायला दोन्ही सारखंच, पण अर्थाचा पार घोळ होतो."

"घोळ कसला? पुष्कळच आहेत की!" म्हणत आजींनी उठून कपाट उघडलं.

फळ्या भरून बायकांच्या चपला होत्या. काळ्या, तपकिरी, उंच टाचांच्या, धूळ खात पडलेल्या. सगळ्यात खाली, शेवटी, बाईंच्या स्वतःच्या. मघाशी दाराबाहेर काढलेल्या.

बाई एक पाऊल मागे सरकल्या. "या सगळ्या टीचर... चपला न घालताच गेल्या?"

"गेल्या कुठे?" आजी मायेनं म्हणाल्या.