गावाच्या नावातला ळ

"ऐका आता," असं म्हणून समितीचे अध्यक्ष असलेल्या मामांनी यंत्राचं बटण दाबलं आणि उच्चार समितीच्या खोलीत साहेबाचा आवाज घुमला.

साहेब म्हणजे या रेडिओ केंद्राचा पहिला प्रमुख. त्याच्या लोकांचं राज्य जाऊन दोन पिढ्या लोटल्या, पण बातम्यांत गावांची नावं कशी वाचायची हे अजून त्याच्या ध्वनिमुद्रणावरूनच ठरायचं. त्याची जीभ काही केल्या वळायची नाही, म्हणून त्याने देशभरातल्या सगळ्या ळचे सरसकट ल करून टाकले होते. ते तसेच राहिले.

साहेबाने गावाचं नाव उच्चारलं, ल लावून. समितीतले चौघेही सावरून बसले. मामांनी तर कोटाचं बटण लावलं. टेबलाच्या टोकाला बसलेली निवेदिका, त्यांची भाची, त्यांच्याकडे बघतच राहिली.

गाव तिचंच होतं. मामांचंही. काल सकाळच्या बातम्यांत तिने ते नाव गावातली माणसं म्हणतात तसं, ठसठशीत ळ लावून वाचलं होतं. हा आगाऊपणा तिचा नव्हता. आदल्या दिवशी मामांनीच तिला आपल्या खोलीत बोलावलं होतं. "वाच बिनधास्त. किती दिवस त्या गोऱ्याच्या जिभेने बोलायचं? कुणी काही म्हणालंच, तर मी बसलोय ना!" गावात तिच्या आईने म्हणे काल रेडिओचा आवाज वाढवून अख्ख्या आळीला ऐकवलं.

"सर, पण आपल्याच गावाचं नाव..."

"चूक ती चूक," मामा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "वरून विचारणा झाली आहे. तुम्हाला असं वाचायला कुणी सांगितलं?"

तुम्हाला! खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. ती मामांकडे पाहत होती. ते आता बोलतील, मग बोलतील, म्हणून थांबली. मामा चष्मा पुसत होते. काच केव्हाच लख्ख झाली होती, तरी पुसत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, हे तिला कळलं. त्यांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण आईचा भाऊ. तिने ते गिळलं.

"कुणी नाही," ती म्हणाली.

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग दुपारच्या बातम्यांत दिलगिरी वाचा. 'निवेदिकेच्या गावंढळ उच्चाराबद्दल केंद्र दिलगीर आहे.' आणि पुढे गावाचं नाव, नीट. जमत नसेल तर सांगा, माइकसाठी माणसं पुष्कळ आहेत."

गावंढळमधला ळ त्यांनी अगदी खणखणीत म्हटला. समितीत तो कुणालाच खटकला नाही.

दुपारी ती स्टुडिओत बसली. काचेपलीकडच्या खोलीत मामा जातीने येऊन उभे राहिले. लाल दिवा लागला. तिने बातम्या वाचल्या आणि शेवटी दिलगिरी. गावाचं नाव आलं तेव्हा रेडिओला कान लावून बसलेली आई तिच्या डोळ्यांपुढे आली. आता अख्खी आळीही ऐकत असणार. तरीही तिने ल म्हटला. म्हणताना तिला स्वतःची किळस आली.

दिवा विझला. हेडफोनमध्ये मामांचा आवाज आला, अगदी घरातला.

"छान वाचलंस, बाळ. मनाला लावून घेऊ नकोस."

तिने आपल्या बाजूचं बटण दाबलं आणि काचेतून त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"बाल म्हण, मामा. साहेब ऐकतोय."