ओळखीचा हात

"मॅडम आहेत ना? मग थांबतो मी."

शिंपीमास्तर असं म्हणून बाहेरच्या बाकावर बसले, आणि आत डॉक्टरांच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. डॉक्टर रिकामे होते. टेबलावर धुतलेली चादर अंथरून तयार होती. आणि आठ वर्षांपासूनचा पेशंट बाहेर बसून त्या कालच्या पोरीची वाट बघत होता! डॉक्टरांचा नुसता तिळपापड झाला.

चार महिन्यांपूर्वी ती त्यांच्या हाताखाली फिजिओथेरपिस्ट म्हणून आली तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर तिची थट्टा केली होती. ती पाठ कोपराने दाबायची. "अहो, ही पाठ आहे, कणीक नव्हे," ते म्हणाले होते. पेशंट हसले होते. मग हसून झाल्यावर एकेक जण तिच्या पडद्याआड जायला लागला. तिकडून कुणाचं "आहाहा" ऐकू आलं की इकडे डॉक्टरांच्या पोटात कळ यायची. एवढ्यांची दुखणी उतरवली त्या माणसाने, पण या कळेवर त्याच्याकडे काही व्यायाम नव्हता.

दुखत तर त्यांचंही होतं. उजवा अंगठा मुळापाशी दोन वर्षं ठणकत होता, भरलेला पेला धरवत नव्हता. पंचवीस वर्षं त्या एका अंगठ्याने लोकांच्या गाठी सोडवल्यावर दुसरं काय होणार! पेशंटला मात्र रोज बजावायचे, दुखणं अंगावर काढू नका. स्वतःचा अंगठा मुठीत, मूठ कोटाच्या खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची. चहाच्या वेळी तर तिला ऐकवायचे, "माझा पेशंट डोळे मिटून माझा हात ओळखेल."

"ओळखतीलच सर," ती म्हणायची. आणि ते सालसपणे म्हणायची, हे आणखी झोंबायचं.

तिने मास्तरांना आत घेतलं, पालथं झोपवलं. मास्तरांनी टेबलाच्या डोक्याशी असलेल्या भोकात तोंड घातलं. तेवढ्यात तिला फोन आला. "दोनच मिनिटं हं मास्तर," म्हणत ती बाहेर गेली.

पडद्याच्या फटीतून डॉक्टरांना मास्तरांची उघडी पाठ दिसली. उजव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला ती गाठ. तीस वर्षं मशीनवर वाकून झालेली, डॉक्टरांना घरच्या जिन्यासारखी पाठ असलेली. आपली गाठ! ती काल आलेली मुलगी कोपराने चेपणार?

ते आत शिरले. बोलले नाहीत. म्हटलं, ओळखू दे की, हातावरून ओळखू दे. भोकातून बूट दिसणार नाहीत असे बाजूला उभे राहिले आणि त्यांनी गाठीवर अंगठा टेकवला.

"आज अंगठ्याने, मॅडम?" मास्तर खालूनच म्हणाले. "रोज तर कोपर लावता."

डॉक्टरांनी जोर वाढवला. अंगठ्यातून मनगटापर्यंत कळ गेली. मास्तर, अहो, ओळखा ना!

"नको हो, कोपरच बरं. अंगठा सांभाळा. आमच्या डॉक्टरांचं काय झालंय बघताय ना?" मास्तरांनी आवाज उतरवला. "त्यांना सांगू नका हं. देवमाणूस आहे. मला सुई धरता येत नव्हती, त्यांनी परत मशीनवर बसवला. पण दोन वर्षं झाली, त्या अंगठ्यात जीव नाही. दाबताना थरथरतो. शिंप्याला हात कळतो हो."

डॉक्टरांचा अंगठा गाठीवरच थांबला.

"आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? माझं दुखणं तसंच असायचं, पण त्यांना आणखी जोर लावायला लागू नये म्हणून मी आपला लवकरच म्हणायचो, हलकं वाटतंय, अगदी हलकं. मग ते खुशीत दोन थापा मारायचे." मास्तर हसले. "तुमच्याकडे आलो ते काय त्यांच्यावर रुसून नव्हे. तेवढाच त्यांच्या हाताला आराम."

बाहेर तिचं फोनवरचं बोलणं चालूच होतं. निघून जावं, हे डॉक्टरांना कळत होतं. पण दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस आपल्याला लहान पोरासारखं समजावत होता, आणि आपण त्याचं ते 'हलकं वाटतंय' संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगत होतो. अस्सं काय? आज हलकं करूनच दाखवतो! त्यांनी अंगठ्यावर डावा हात चढवला आणि सगळं अंग टाकून दाबलं. गाठ हलली नाही. अंगठाच मुळातून वाकला, डोळ्यांसमोर काजवे चमकले, ओठ दाताखाली धरून त्यांनी आवाज आत ठेवला. हात पाठीवरून घसरला.

आणि मग, इतक्या वर्षांची सवय ती, त्यांच्या तळहाताने आपोआप मास्तरांच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

मास्तरांची पाठ एकदम ताठ झाली. पण त्यांनी डोकं वर काढलं नाही.

"वा," शेवटी ते म्हणाले. या वेळी मॅडम म्हणाले नाहीत. "हलकं वाटतंय. अगदी हलकं."