‘मन मोकळं’ नावाचं फोल्डर

“मी कुठं वाचून राहिलो? मशीन वाचंल,” सर म्हणाले आणि तनुजाच्या टेबलाच्या कडेलाच टेकले.

सर म्हणजे अमृतराव. लातुरात त्यांचे मेडिकल प्रवेशाचे क्लासेस होते, वरच्या मजल्यांवर मुलांचं हॉस्टेल होतं आणि जिन्याखालच्या खोलीत तनुजा कॉम्प्युटर सांभाळत होती. दर रविवारी पेपर झाला की प्रत्येक मुलानं लॅबमध्ये बसून मनात येईल ते पानभर टाइप करायचं, अशी सरांची पद्धत होती. ही पानं मुलांच्या नावांनी ज्या फोल्डरमध्ये साठायची त्याचं नाव ‘मन मोकळं’. ते कुणीही उघडत नाही, असं सरांनी पालकसभेत माईकवरून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

आता दिवाळी तोंडावर आली होती. मागच्या दिवाळीला घरी गेलेली काही पोरं परत फिरकलीच नाहीत, आणि ते सरांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

“घरी जायचं म्हणून ज्यानं ज्यानं लिवलंय, त्याचं नाव काढून दे. त्याला सुट्टी न्हाई. स्पेशल बॅच म्हणू आन् इथंच ठेवू. आईबापाला तर बरंच वाटंल.”

तनुजाचा हात माउसवर तसाच राहिला. त्या नावांत कोण नक्की असणार, हे तिला प्रोग्राम न लिहिताच ठाऊक होतं. शिवम. तिचा धाकटा भाऊ.

शिवमला इथं फुकट ठेवून घेतलं होतं, ते ती इथं कामाला होती म्हणून. तिच्या पदवीचे मूळ कागद सरांच्या कपाटात होते, शिवमची परीक्षा होईपर्यंत ते मिळणार नव्हते. ती गेली तर त्याची जागा जाणार, तो गेला तर तिची नोकरी. असं सगळं सरांनी छान एकमेकांत गुंतवून ठेवलं होतं. पेनाची रिफिल मागायच्या निमित्तानं शिवम रोज तिच्या खिडकीशी यायचा. “ताई, हदगावची गाडी थेट हाय का नांदेडला बदलायची?” त्याला ते पाठ होतं. पण गावाचं नाव तेवढं तोंडातून काढलं तरी त्याला बरं वाटायचं. पोरगं दिवसेंदिवस वाळत चाललं होतं. दिवाळीलाही आईच्या दारात गेलं नाही तर ह्याचं काय होईल, या विचाराची तनुजाला खरोखर भीती वाटायची.

सर उठायचं नाव घेईनात. त्यांच्या देखतच तिला लिहावं लागलं. काम अवघड नव्हतं. फोल्डरमधली एकेक फाईल उघडायची, मजकूर चाळायचा, हवे ते शब्द सापडले की फाईलचं नाव पडद्यावर आणायचं. शोधायला तिनं ‘घरी जा’ एवढंच टाकलं. म्हणजे जायचंय, जाऊ द्या, जावंसं वाटतं, सगळंच हाती लागणार. सरांना ते पटलं.

“डोकं हाय तुला,” ते म्हणाले.

प्रोग्राममधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच त्यांच्या नाकासमोर तिनं आणखी एक ओळ घातली. शिवमची फाईल आली की न उघडता पुढं जायचं. दहा-बारा पोरं अडकतील असा तिचा अंदाज होता. त्यांची तिनं मनातल्या मनात माफी मागितली आणि बटण दाबलं.

नावं येऊ लागली. भारत. हरिओम. पिराजी. श्रीमंत. पडदा भरला, नावं वर सरकली, खालून आणखी आली. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तिनं श्रीमंतची फाईल उघडली. हा वर्गात पहिला येणारा, सरांच्या प्रत्येक भाषणात असणारा मुलगा. ‘घरी जाऊन नुसतं झोपायचंय,’ त्यानं लिहिलं होतं. बाकीचं पान कोरं होतं.

प्रोग्राम बरोबर होता.

सरांनी प्रिंट काढायला लावली आणि हजेरीपटाशी ताडून पाहिली. सगळं हॉस्टेल त्या कागदावर होतं, एक नाव सोडून.

“शिवमला बोलीव,” ते म्हणाले.

आपली चोरी पकडली गेली, असंच तनुजाला वाटलं. शिवम आला, चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. सर खुर्ची वळवत होते, तेवढ्यात तिनं त्याच्याकडं बघून हळूच मान हलवली. नाही म्हण.

“खरं सांग रे,” सर म्हणाले. “घरी जावं वाटून राहिलं का तुला?”

शिवमनं ताईकडं पाहिलं. ताई सांगते म्हणजे त्यात काहीतरी असणार.

“न्हाई सर.”

सर खुशीत हसले. उठून त्यांनी शिवमच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातातली प्रिंट चुरगाळून टोपलीत टाकली.

“सगळ्याच पोरांना डांबलं तर उद्या आईबाप गेटवर येतील,” ते तनुजाला म्हणाले. “जाऊ दे त्यांना. पण दिवाळीतबी एक तरी पोरगं इथं अभ्यास करून राहिलंय, असा फोटो लागतो मला बॅनरला. सगळ्यांचे गेटपास काढ. ह्याला तेवढं वगळ.”