विनीच्या एकोणीस डब्या

संग्रहालयाच्या मिस गार्लंडने अठरावी डबी खाली ठेवली आणि एकोणिसावी भिंगाखाली धरली. समोर बसलेल्या सिरिल ट्रँटरने अजून चहाला हातसुद्धा लावला नव्हता.

न्यूमार्केटच्या या घोडेशर्यतींच्या संग्रहालयाने या जुन्या काडेपेट्या ठेवून घ्याव्यात आणि कपाटावर त्याच्या बायकोचं, विनीचं नाव लिहावं, एवढंच त्याचं मागणं. खिशात मावणाऱ्या चांदीच्या डब्या त्या. झाकणावर मिन्यात रंगवलेला शर्यतीचा घोडा नि वर जॉकी. दर वाढदिवसाला विनी कुठल्यातरी जुन्या बाजारातून त्याच्यासाठी एक शोधून आणायची. लग्नाआधी ती बर्मिंगहॅमला मिन्याचे बिल्ले बनवणाऱ्या कारखान्यात होती, तेव्हा मिन्याची पारख तिला असणारच. ती जाऊन आता वर्ष झालं होतं.

सिरिल स्वतः वीस वर्षं जॉकी. पडला, मोडला, पुन्हा चढला; मोठी शर्यत मात्र बापड्याने एकही मारली नाही. पण या डब्या हातात घेतल्या की तो भान हरपून बघत राही. नखाएवढ्या जागेत फुललेल्या नाकपुड्या, उडती आयाळ, मानेवर ओणवा झालेला स्वार! कोण असेल गं हा कारागीर, असं तो विनीला विचारायचा.

"असेल कुणी रिकामटेकडा. चहा प्या," ती म्हणायची.

"चांदी अस्सल आहे," मिस गार्लंड म्हणाली. "१८८५ची, छापच आहे तसा. पण मिस्टर ट्रँटर, त्या काळी इथले जॉकी ताठ बसायचे, पाय लांब सोडून. असं ओणवं बसणं दहा-बारा वर्षांनी आलं. साध्या जुन्या डब्यांवर ही चित्रं कुणीतरी मागाहून चढवलीत."

सिरिलने कप बाजूला सारला. म्हणजे विनीला एकोणीस वेळा कुणीतरी गंडवलं होतं. कपाटावरचं तिचं नाव आता राहिलंच.

मिस गार्लंडने मात्र भिंग सोडलं नव्हतं.

"हात एकाच माणसाचा आहे. आणि काय हात आहे हो! हे मनाने काढलेलं नाही. मैदानाच्या कठड्याशी उभं राहून वर्षानुवर्षं एकाच जॉकीला पाहिलंय. हे डावं कोपर बघा. सगळ्या डब्यांवर असंच, कपाच्या कानासारखं बाहेर. असं कोण बसायचं इथे?"

सिरिलने डबी घ्यायला डावा हात पुढे केला. एकसष्ट साली घोड्यावरून पडल्यापासून तो कोपरात कधी सरळ झालाच नव्हता.