मागचा दिवा

जुन्या लष्करी ट्रकच्या दिव्यांची सगळी बटणं जोडून झाली होती. एकच उरलं होतं, मागच्या चाकांमधल्या चिमुकल्या दिव्याचं.

"बाबा, हे राहू दे का? प्रदर्शनात लोक काय जमिनीवर झोपून बघणार आहेत?" मुलीने विचारलं.

"अगं, युद्धात रात्री हेडलाइट लावायला बंदी. मागचा ड्रायव्हर या दिव्याच्या तेवढ्याच उजेडाच्या मागोमाग यायचा. माझ्या मागच्या ट्रकवर आमचा गप्पीदास होता. माझा दिवा कधी विझला, मला कळलंच नाही. उजाडल्यावर पाहिलं, तर मागे नुसता रस्ता. तो आलाच नाही."

मुलीने तार जोडली, मागे जाऊन वाकून पाहिलं.

"लागला, बाबा. काढायची गाडी?"

स्टिअरिंगवर हात ठेवून बाबा आरशात पाहत होते.

"थांब गं जरा. गप्पीदासला फार लांबून यायचंय."